दोन कागदांमधली बातमी

२००९ ची विधानसभा निवडणूक आटोपल्यावर पत्रकार पी. साईनाथ यांनी मराठी वर्तमानपत्रांची ४७ पूर्ण पानं गोळा केली. सगळी पानं तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकानं भरलेली, बरीचशी रंगीत. काही मजकूर तर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दन् शब्द सारखा, बायलाइन तेवढी वेगळी. मग साईनाथ यांनी दुसरा कागद काढला. चव्हाण यांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा आकडा होता ५,३७९ रुपये. ‘द हिंदू’मधल्या त्या बातमीनं ‘पेड न्यूज’चा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, प्रश्न देशभर गाजला. चव्हाण यांनी आरोप फेटाळला. पुढे २०१४ मध्ये आयोगानं त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेशही दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केला. पण पानं आणि हिशेब यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्यानंतरही मागे राहिलाच.

या बातमीसाठी कुणी अंधारात भेटलं नव्हतं की कुणी लिफाफा सरकवला नव्हता. दोन्ही कागद कुणालाही मिळण्यासारखे होते. ते शेजारी ठेवून वाचायचं मात्र इतर कुणाला सुचलं नव्हतं. राजकीय शोधपत्रकार व्हायचं असेल, तर हे आधी मनावर घ्या : बहुतेक मोठ्या बातम्या दोन कागदांच्या विसंगतीत असतात आणि त्यातला निदान एक कागद उघड्यावर पडलेला असतो. या धंद्यातलं कौशल्य, धोका आणि आयुष्यभराची चिकाटी हे सगळं त्या विसंगतीपर्यंत पोचण्यात आणि तिथे टिकून राहण्यात खर्ची पडतं.

आधी उघडे कागद

राज्य सरकार दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी आर्थिक पाहणी अहवाल मांडतं. बातमीदार त्यातून दरडोई उत्पन्न आणि विकासदर उचलतात आणि अहवाल कपाटात जातो. २०१२ मध्ये त्यातल्याच एका आकड्यानं सरकार हादरलं. दशकभरात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊनही सिंचनाखालचं क्षेत्र अवघ्या ०.१ टक्क्यानं वाढल्याचं त्यातून दिसत होतं. जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्रांनी त्यात भर घातली. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. त्यानंतर सरकारनं श्वेतपत्रिका काढली. तिच्यात वाढीचा आकडा ५.१७ टक्के होता. एकाच सरकारचे दोन अहवाल दोन आकडे सांगतात, तेव्हा बातमीदाराचं काम संपत नाही, दुप्पट होतं. कोणता आकडा कशाचा, तो कुणी आणि कोणत्या पद्धतीनं मोजला, हे शोधावं लागतं.

महाराष्ट्रात राजकारण पक्ष कार्यालयात कमी आणि संस्थांत जास्त चालतं. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, सूतगिरणी, शिक्षण संस्था, ट्रस्ट यांवर ज्याची पकड, त्याच्या हाती तालुका. म्हणून कोणत्या संस्थेचा कागद कुठे मिळतो, हे पाठ हवं. सहकारी संस्थेचं लेखापरीक्षण आणि चौकशी निबंधकांकडे असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातलं कलम ८३ चौकशीचं आणि कलम ८८ नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याचं. एखाद्या बँकेत ८३ ची चौकशी पूर्ण झाली आणि ८८ ची कारवाई मात्र वर्षानुवर्षं पुढे सरकत नाही, हे दिसलं की तिथे थांबा. कारखान्याची बरीच माहिती पुण्यात साखर आयुक्तालयात असते. ट्रस्टचे विश्वस्त, मालमत्ता आणि बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात.

ट्रस्ट ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये जे प्रकरण बाहेर काढलं, त्याच्या केंद्रस्थानी एक प्रतिष्ठानच होतं. त्या काळी सिमेंट नियंत्रित होतं, कोटा मिळाल्याशिवाय बिल्डरला पोतं मिळत नसे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या कुणी दिल्या आणि सिमेंट कुणाला मिळालं, या दोन याद्या एकमेकींशी जुळत होत्या. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी हा संबंध मान्य केला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुले पायउतार झाले. इथे दोन कागद विसंगत नव्हते, उलट फार सुसंगत होते. तेही तितकंच बोलकं असतं.

एका आमदाराची फाइल

सुरुवात करायला आपल्याच मतदारसंघाचा आमदार घ्या. त्याची २०१९ आणि २०२४ ची निवडणूक शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवा. नमुना २६ मध्ये उमेदवार, जोडीदार आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, फौजदारी खटले लिहावे लागतात. शेतजमिनीसाठी गट क्रमांक, क्षेत्र, ती वारसानं आली की विकत घेतली, खरेदीची तारीख आणि किंमत हेही द्यावं लागतं. दोन्ही शपथपत्रं रकान्याला रकाना लावून वाचा. नवीन काय आलं आणि जुनं काय गायब झालं, याच्या दोन याद्या करा. गायब झालेल्या गोष्टींकडे फार कमी लोक बघतात.

समजा, २०२४ मध्ये एक नवा गट दिसला. त्याचा सातबारा काढा. नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. तो फेरफार काढला की जमीन कुणाकडून आली आणि कोणत्या दस्तानं आली, ते कळतं. दस्त क्रमांकावरून दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक दोन मिळवा. तिच्यात देणारा, घेणारा, मोबदला आणि सरकारनं धरलेलं बाजारमूल्य असतं. मोबदला आणि बाजारमूल्य यांत मोठी तफावत असेल तर नोंद करा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना विसरू नका. बँकेचा बोजा तिथे लागतो. कोणत्या बँकेनं किती कर्ज दिलं आणि त्या बँकेच्या संचालक मंडळावर कोण आहे, हे तिथूनच सुरू होतं. विकणारी कंपनी असेल, तर तिचे संचालक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतात. मग त्या कंपनीला गेल्या चार-पाच वर्षांत कोणती सरकारी कामं मिळाली, हे निविदा संकेतस्थळावर शोधा. जमिनीच्या आसपास नवा रस्ता आला का, विकास आराखड्यात आरक्षण उठलं का, हे शासन निर्णयांत पाहा.

इथवर आलात तरी हाती लागलं ते फक्त नातं. व्यवहार गैर होता, असं त्यावरून सिद्ध होत नाही. नावसाधर्म्यानं भल्याभल्यांची फजिती केली आहे. वडिलांचं नाव, पत्ता, कंपनीतला संचालक क्रमांक जुळल्याशिवाय दोन ‘पाटील’ एकच आहेत, असं धरू नका. प्रत्येक घटनेला तारीख लावून एक तक्ता करा. शोधपत्रकाराचं खरं हत्यार हा तारखांचा तक्ता. निर्णय आधी झाला की जमीन आधी घेतली गेली, एवढ्यावर बातमीचा जीव ठरतो.

माहितीचा अर्ज : ‘का’ विचारू नका

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ मध्ये आला. २००५ पासून केंद्राचा कायदा लागू आहे. अर्जाला दहा रुपये, उत्तराला ३० दिवस, पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. राज्याच्या २०१२ च्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून भाषा घट्ट ठेवा.

‘अमुक रस्त्याच्या कामात गैरव्यवहार का झाला?’ असं विचारलंत, तर ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असं एका ओळीचं उत्तर हातात पडेल. त्याऐवजी कागदाचं नाव घ्या : सदर कामाचं अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं आणि नस्तीतल्या टिपणीच्या प्रमाणित प्रती. यातली टिपणी सर्वांत मोलाची. कारकुनापासून सचिवापर्यंत कुणी काय शेरा मारला, कुणी विरोध केला आणि तो कुणी खोडला, हे तिथे असतं. नस्ती जाडजूड असेल, तर प्रती मागण्याऐवजी पाहणीची मागणी करा. समोर बसून फाइल चाळताना जे कागद मागायचं सुचलं नसतं, ते दिसतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि ‘वैयक्तिक माहिती’ नाकारणं सोपं केलं. तरीही कलम ८(२) शाबूत आहे : जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात ते जनहित नेमकं काय, हे दोन वाक्यांत मांडायची सवय लावा. आणि दुसरं अपील महिनोन्महिने पडून राहतं, हे गृहीत धरून एका वेळी चार-पाच विषयांचे अर्ज फिरते ठेवा.

कागद खरा कशावरून?

१८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं, ते एका राजकीय गौप्यस्फोटापायी. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपतींचा छळ करतात, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं लिहिलं. आधार होता काही पत्रांचा. ती पत्रं बनावट ठरली. चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवसांनी सुटका. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. हेतू शुद्ध असला म्हणून कागद खरा होत नाही, हा मराठी पत्रकारितेनं अगदी सुरुवातीला घेतलेला धडा.

आज बनावट कागद व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन येतो. पत्र असेल तर जावक क्रमांक बघा, पाठवणाऱ्याच्या जावक नोंदवहीत आणि घेणाऱ्याच्या आवक नोंदवहीत तो आहे का, ते तपासा. सही करणारा अधिकारी त्या तारखेला त्या पदावर होता का, की त्याची बदली झाली होती? शासन निर्णय असेल तर त्यावरचा सांकेतांक सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहा. आणि शक्य तेव्हा हातात आलेला कागद माहिती अधिकारातून पुन्हा मागवा. दुसऱ्या वाटेनं तोच कागद आला, की झोप लागते.

सोर्स : त्याचा हेतू आणि त्याचा जीव

आपल्याकडे कागद देणारा माणूस बहुतेक वेळा विरोधी पक्षातला नसतो, त्याच पक्षातल्या दुसऱ्या गटातला असतो, नाहीतर बढती हुकलेला अधिकारी असतो. हेतू वाईट म्हणून कागद फेकून देऊ नका. मात्र हेतू कळला की न दिलेलं पान कोणतं असेल, याचा अंदाज येतो. ते पान दुसरीकडून मिळवा. कुणी फक्त एका कंत्राटदाराचे कागद देत असेल, तर दुसरा कंत्राटदार कोण, हे विचारा. एवढं न करता छापलं, तर बातमी तुम्ही केली नाही, तुमच्या हातून ‘प्लांट’ झाली.

आणि शब्द दिला की पाळायचा. बोफोर्सचं प्रकरण एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं फोडलं. पुढे जिनिव्हातून चित्रा सुब्रमण्यम यांनी ते ‘द हिंदू’साठी लावून धरलं. त्यांना कागद देणारे स्वीडनचे तपास अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम होते, हे जगाला कळलं २०१२ मध्ये, तेही त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून. पंचवीस वर्षं नाव बाहेर आलं नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी नाव फुटतं ते क्षुल्लक चुकीनं. झेरॉक्सवर एखाद्या अधिकाऱ्याच्या पेनाची खूण असते, घडीची रेघ असते, आणि बातमीसोबत कागदाचा फोटो छापला की आतल्या माणसाला प्रत कुणाकडची, ते लगेच कळतं. मजकूर पुन्हा टाइप करून घ्या. सोर्सचं नाव फोनमध्ये, डायरीत, कार्यालयाच्या ईमेलवर कुठेही ठेवू नका. हे ध्यानात असू द्या : आपल्या कायद्यात पत्रकाराला वकिलासारखं संरक्षण नाही. प्रेस कौन्सिलसमोर सोर्स सांगायची सक्ती होत नाही, न्यायालयात होऊ शकते.

समोरच्याचं म्हणणं आणि कायदा

रात्री नऊला मंत्र्यांच्या पीएला एक फोन करायचा आणि ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं शेवटी चिकटवायचं, ही पळवाट आहे. ज्याच्यावर लिहिता, त्याला लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला पुरेसे दिवस द्या आणि पोच जपून ठेवा. प्रश्न मोघम नकोत. गट क्रमांक, तारीख, रक्कम घालून विचारा. उत्तरानं बातमी पडली, तर पडू द्या. छापण्याआधी पडली, हे तुमचं नशीब. उत्तर टाळाटाळीचं असेल, तर बातमीला बळ येतं.

बदनामी हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. फौजदारीत मजकूर नुसता खरा असून भागत नाही, तो लोकहिताचाही असावा लागतो. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या अधिकृत कामकाजावर लिहिणाऱ्याला मोकळीक दिली, पण सत्याची पडताळणी न करता बेफिकिरीनं लिहिणाऱ्याला ती मिळत नाही. म्हणून टिपणवही, रेकॉर्डिंग, लेखी प्रश्नांच्या प्रती बातमीनंतरही वर्षानुवर्षं सांभाळा. खटला उभा राहीपर्यंत तुमची नोकरी बदललेली असते आणि जुनं कार्यालय तुमचे कागद सांभाळत बसत नाही.

अंगावर येण्याचा धोकाही खरा आहे. जून २०११ मध्ये पवईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांची गोळ्या घालून हत्या झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं, ते बारसूच्या रिफायनरीबद्दल लिहीत होते. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे. त्यात हल्ला अजामीनपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. धमकी आली की तोंडी सांगून सोडू नका, लेखी तक्रार द्या आणि संपादकांना त्याच दिवशी कळवा. बातमी एकट्याच्या ताब्यात ठेवू नका. फाइलची प्रत दुसऱ्या शहरातल्या विश्वासू सहकाऱ्याकडे असली, की तुम्हाला गप्प करून फायदा नसतो.

पोट आणि पाकीट

आता करिअरचं बोलू. ‘शोधपत्रकार’ या पदाची जाहिरात सहसा निघत नाही. बहुतेक जण महापालिका, जिल्हा परिषद किंवा न्यायालयाच्या बीटवरून इथे येतात आणि ते बरंच आहे. स्थायी समितीचा अजेंडा वाचता आला, की अर्थसंकल्प वाचता येतो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणचा अभ्यासक्रम उपयोगी पडतो. त्याहून उपयोगी पडतं ताळेबंद वाचायला शिकणं आणि इंग्रजी निकालपत्र न घाबरता वाचणं. पहिली काही वर्षं रोजची बातमी देऊन उरलेल्या वेळात आपली फाइल वाढवायची असते. रोजच्या बातमीला नाकं मुरडू नका. तिच्याच जोरावर कार्यालयात तुमच्याशी लोक बोलतात.

तालुका वार्ताहराची कोंडी सगळ्यांना माहीत आहे. मानधन तुटपुंजं, वर नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिरातीचं टार्गेट. ज्याच्याकडून जाहिरात आणायची, त्याच्याच कारखान्याचा ताळेबंद तपासायचा! यावर सोपा तोडगा नाही. निदान हे दोन धागे एकाच माणसाच्या हातात राहू नयेत, असा आग्रह धरा. ते जमलं नाही, तर ती बातमी मुख्य कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या नावानं जाऊ द्या. बायलाइन गेली तर जाऊ द्या. आणि पाकीट एकदाही घेऊ नका, दिवाळीचंही नाही. ते घेतलंत, की समोरच्याच्या हाती तुमचाही एक कागद लागतो.

यश मिळालं म्हणून आसन पक्कं होत नाही. १९८२ मध्ये शौरींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ‘एक्स्प्रेस’मधून बाहेरही पडावं लागलं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणं, हा या पेशात नीतीचाच भाग समजा. ज्याच्या गाठीला काही नाही, त्याला ‘नाही’ म्हणणं फार महाग पडतं.

बातमीतली माणसं

‘एक्स्प्रेस’च्याच अश्विनी सरीन यांनी १९८१ मध्ये बायकांची विक्री होते हे दाखवायला एक बाई विकत घेतली. त्या घटनेवरून विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ हे नाटक लिहिलं. त्यातला पत्रकार जयसिंग जाधव बाजार उघडा पाडतो, पण कमलाचं पुढे काय, हे त्याच्या यादीत नसतं. राजकीय बातमीतही कमला असतेच : बुडालेल्या बँकेचा ठेवीदार, टिपणीवर विरोध नोंदवून बदलीला सामोरा गेलेला कारकून, जमीन विकावी लागलेला शेतकरी. छापण्याआधी त्यांना विचारा, छापल्यावर त्यांच्याकडे जा.

छापून आल्यावर

बातमी आली त्या दिवशी फोन खणखणतात, आठवड्यानं शांतता होते. खरं काम तिथून पुढे. एप्रिल २०१८ मध्ये पूनम अगरवाल यांनी ‘द क्विंट’साठी हजार-हजार रुपयांचे दोन निवडणूक रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक अतिनील प्रकाशात उमटला. देणगीदाराची ओळख गुप्त राहते, असं सरकार सांगत होतं आणि रोख्यावर मात्र माग काढता येईल असा क्रमांक होता. पुढे पत्रकार नितीन सेठी यांनी २०१९ मध्ये माहिती अधिकारातून मिळालेल्या सरकारी टिपण्यांवरून रोख्यांच्या योजनेची अंतर्गत हकीकत मांडली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं योजना रद्द केली, आणि मार्चमध्ये स्टेट बँकेनं ते क्रमांक दिल्यावर कुणी कोणत्या पक्षाला किती दिले, हे जुळवता आलं. मधली सहा वर्षं कुणीतरी विषय सोडला नाही म्हणून हे झालं.

तेव्हा या महिन्यात एवढं करा. आपल्या तालुक्यातली एक संस्था निवडा. तिचे गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल मिळवा, सभासदांना ते वाटलेले असतात, शेजारीपाजारी सापडतील. लेखापरीक्षण अहवाल आणि दोष दुरुस्ती अहवाल यांच्या प्रतींसाठी निबंधकांकडे अर्ज टाका. संचालकांच्या नावांची यादी करून ठेवा. कुणाला काही सांगू नका, काही सिद्ध करायला निघू नका. दोन कागद जुळत नाहीत असं जिथे दिसेल, तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि तिसरा कागद मागायला निघा.